विश्लेषण : वेरूळ, घारापुरी, रायगड… व्हीलचेअर नेमकी अडते कुठे?

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांतले ११ किल्ले महाराष्ट्रात आहेत. अजिंठा, वेरूळ आणि घारापुरीची लेणी तर १९८० च्या दशकापासूनच या यादीत आहेत. एवढा वारसा असलेल्या राज्यात व्हीलचेअर किंवा बॅटरीवरची मोबिलिटी स्कूटर वापरणाऱ्या माणसाला यातले किती बघता येते? डोंगर आहे, दगड आहे, पायऱ्या आहेत, त्याला कोण काय करणार, असे उत्तर सहसा मिळते. ते अर्धेच खरे आहे. बऱ्याच ठिकाणी व्हीलचेअर अडते ती डोंगराच्या कितीतरी आधी.

प्रश्न किती जणांचा आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात. देशभरात हालचालीशी संबंधित अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे ५४ लाख नोंदली गेली. हे आकडे जुने आहेत, पण त्यानंतर जनगणनाच झालेली नसल्याने सरकारी नियोजन अजून त्यांच्यावरच चालते.

याच जनगणनेत राज्यातील साठीपुढच्या लोकांची संख्या १ कोटी १० लाखांहून अधिक होती. गुडघे गेलेली आजी, पक्षाघातातून सावरणारे काका, पाय प्लास्टरमध्ये असलेला कॉलेजचा मुलगा यांच्यापैकी कोणाकडेही दिव्यांग प्रमाणपत्र नसते, पण पायऱ्या त्यांनाही अडवतात. कुटुंबाची सहल निघते तेव्हा यांच्यातले कोणी तरी ‘तुम्ही बघून या, मी गाडीतच बसते’ म्हणते. पर्यटनस्थळाच्या पार्किंगमध्ये काच अर्धी खाली करून बसलेली अशी एखादी व्यक्ती जवळजवळ प्रत्येक रविवारी दिसते. पर्यटकसंख्येच्या आकडेवारीत मात्र तिची नोंद होत नाही. तिकीट काढलेलेच नसते.

घरापासून लेण्यापर्यंत काय काय आडवे येते?

सुगम्यता म्हणजे प्रवेशद्वाराशी एक रॅम्प, असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात ती एक साखळी असते. गाडी, पार्किंग, तिकीटखिडकी, वाट, स्वच्छतागृह, मुख्य वास्तू आणि परतीचा रस्ता. यातली एक कडी तुटली तरी बाकीच्या सगळ्यांवरचा खर्च त्या माणसापुरता वाया जातो.

पहिली कडी अनेकदा भाड्याच्या गाडीतच तुटते. राज्यातल्या अनेक टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि सिलिंडर डिकीत असतो. घडीची व्हीलचेअर मग मागच्या सीटवर आडवी ठेवावी लागते किंवा टपावर बांधावी लागते. एसटीच्या साध्या बसच्या पायऱ्या उंच आणि दार अरुंद. त्यामुळे स्वतःची गाडी हाच पर्याय उरतो.

अजिंठ्याला स्वतःची गाडीही पुरत नाही. प्रदूषणापासून चित्रे वाचावीत म्हणून खासगी वाहने फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबवली जातात आणि तिथून साधारण ४ किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. निर्णय योग्यच आहे. पण व्हीलचेअरवरच्या माणसाला गाडीतून खुर्चीत, खुर्चीतून बसमध्ये आणि पुन्हा खुर्चीत असे तीनदा उचलावे लागते, तेही पहिली पायरी येण्याआधी. त्या शटलला खालच्या पातळीचे दार असेल, तर संवर्धनाचे एक इंचही नुकसान न होता ही अडचण संपते.

तिकीटखिडकीपाशी गर्दी आवरायला नागमोडी लोखंडी कठडे किंवा फिरती फाटके असतात. साध्या व्हीलचेअरची रुंदी ६० ते ७० सेंटीमीटर. कठड्यांमधून ती गेली तरी वळणावर अडकते. दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून रोवलेल्या खांबांचे तेच. शेजारी रुंद फाटक असते, पण त्याला कुलूप असते आणि किल्ली असलेला कर्मचारी जेवायला गेलेला असतो. ‘दिव्यांग’ पाटी लावलेल्या स्वच्छतागृहात झाडू-बादल्या ठेवलेल्या आढळतात, हा तक्रारींतला नेहमीचा मुद्दा. यातली एकही गोष्ट पुरातत्त्वाच्या नियमांत अडकलेली नाही.

वेरूळला काय पाहता येते?

राज्यातील प्राचीन लेण्यांमध्ये व्हीलचेअरसाठी सर्वांत सोयीचे ठिकाण कोणते, तर वेरूळ. याला कारण भूगोल. लेणी डोंगराच्या पायथ्याला आहेत, रस्ता त्यांच्या समोरून जातो आणि ३४ लेण्यांतले सर्वांत प्रसिद्ध, म्हणजे १६ क्रमांकाचे कैलास लेणे, प्रवेशद्वारासमोरच आहे.

कैलासचे अंगण जमिनीच्या पातळीला आहे. मुख्य मंदिर उंच जोत्यावर असल्याने तिथे जिन्याशिवाय जाता येत नाही. पण जोत्याला खांदा दिलेले हत्ती, रामायण-महाभारताचे शिल्पपट आणि कैलास हलवणारा रावण अंगणातूनच दिसतात. म्हणजे जिना न चढताही या लेण्याचा मोठा भाग बघता येतो. अडचण आहे ती खडबडीत खडकाची. खुर्चीची पुढची छोटी चाके खाचेत अडकतात आणि माणूस पुढे फेकला जातो. अशा जागी खुर्ची थोडी मागे कलवून, मोठ्या चाकांवर ढकलावी लागते. ही साधी युक्ती खुर्ची भाड्याने देणारे क्वचितच सांगतात.

कैलासच्या वरच्या भागासाठी दोन बाजूंना छोट्या हायड्रॉलिक लिफ्ट बसवण्याची योजना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०२२ मध्ये मांडली होती. बांधकाम न करता, व्हीलचेअर मावेल एवढीच लिफ्ट, अशी कल्पना होती. तीन मजली १२ क्रमांकाचे लेणे किंवा जैन लेण्यांमधली इंद्रसभा पूर्ण पाहणे मात्र आजही पायांवरच अवलंबून आहे. जैन लेणी मुख्य प्रवेशापासून लांब आहेत. तिथपर्यंत वाहन जाते, पुढे पायऱ्या लागतात.

घारापुरी अवघड का?

मुंबईपासून जेमतेम १० किलोमीटरवर असूनही घारापुरी व्हीलचेअरसाठी वेरूळपेक्षा कितीतरी दूर आहे. गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्याला दगडी पायऱ्या आहेत. लाँच भरतीला वर असते, ओहोटीला खाली. दोन-तीन लाँच शेजारी लागल्या असतील तर एकीवरून दुसरीवर पाय टाकत जावे लागते. लाटांवर हलणाऱ्या दोन बोटींच्या मधून माणसासह खुर्ची पलीकडे देणे खलाशी रोज करतात, सराईतपणे करतात. पण हात निसटला तर काय, या प्रश्नाला उत्तर नाही.

तासाभराच्या प्रवासानंतर बेटावर लांब सपाट जेट्टी आहे, छोटी आगगाडीही आहे. पुढे सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकाने. वर पोहोचल्यावर मुख्य लेण्यातली बरीचशी जमीन सपाट आहे. त्रिमूर्तीसमोर खुर्चीवर बसून हवा तेवढा वेळ थांबता येईल, अशी ती जागा आहे. म्हणजे ज्याला सगळे ‘अवघड’ म्हणतात ते लेणे सोपे आहे, अवघड आहे तो रस्ता.

या पायऱ्यांवर डोलीवाले असतात. खुर्चीला दांडे बांधून चौघे खांद्यावर घेऊन जातात. अजिंठ्यालाही डोली मिळते. अनेकांसाठी आज तोच एक मार्ग आहे आणि काही स्थानिकांचे पोट त्यावर चालते. पण तो मार्ग सगळ्यांना मानवत नाही. बॅटरीच्या खुर्चीवर स्वतःच्या बोटांनी दिशा ठरवणाऱ्या माणसाला चार अनोळखी खांद्यांवर बसून, लोक मोबाइलवर टिपत असताना वर जाणे नको वाटू शकते. वाहून नेणाऱ्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्नही आहेच. माथेरानमधील हातरिक्षा बंद करून ई-रिक्षांद्वारे त्यांच्या चालकांचे पुनर्वसन करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला, तो याच भूमिकेतून. डोलीवाल्यांबद्दल तसा विचार अजून सुरू झालेला नाही.

पायऱ्यांशेजारी रॅम्प का घालत नाहीत?

इथे थोडे गणित. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे १ फूट चढायला १२ फूट लांबी. एक पायरी १५ सेंटीमीटरची धरली तर तिच्यासाठी १.८ मीटरचा रॅम्प. घारापुरीच्या १२० पायऱ्या म्हणजे साधारण १८ मीटर उंची. तिला १:१२ ने २१६ मीटर लांबी लागेल. शिवाय ठरावीक अंतरावर विसाव्याचे सपाट टप्पे. उंची जास्त असली की तत्त्वे आणखी सौम्य उतार मागतात. १:२० धरल्यास लांबी ३६० मीटरवर जाते. पायऱ्यांच्या कडेला ती मावणार नाही, डोंगराला वळसा घालूनच आणावी लागेल.

हा नियम कागदी हट्ट नाही. खुर्ची आणि माणूस मिळून १०० किलो धरले तर १:१२ च्या उतारावर ढकलणाऱ्याला सतत सुमारे ८ किलो वजन उचलण्याएवढा जोर लावावा लागतो. उतार १:६ केला की तो १६ किलोंवर जातो. स्वतःच्या हातांनी चाके फिरवणाऱ्याला हे अशक्यच, उतरताना तर धोकादायक. तरीही जागा कमी म्हणून दोन पायऱ्यांवर फरशी आडवी टाकून केलेले घसरगुंडीसारखे रॅम्प सरकारी कार्यालयांपासून मंदिरांपर्यंत सर्वत्र आहेत. फोटोत ते सुगम्य दिसतात, वापरता येत नाहीत. अशा रॅम्पपेक्षा तो नसलेला बरा, कारण त्याच्यामुळे काम ‘पूर्ण’ झाल्याची नोंद होते.

मोठ्या उंचीला म्हणून रॅम्प नव्हे तर लिफ्ट, तिरकी ट्रॉली किंवा रोपवे हेच उत्तर उरते.

मग रोपवेने रायगड सुटला का?

रायगडाचा रोपवे १९९६ पासून सुरू आहे. हजाराहून अधिक पायऱ्यांचा चढ तो काही मिनिटांत संपवतो. ज्येष्ठांसाठी हे मोठेच काम झाले. पण वरच्या स्थानकातून बाहेर पडल्यावर मेणा दरवाजाकडे पुन्हा पायऱ्या आहेत. राजसदर, होळीचा माळ, बाजारपेठ, जगदीश्वर हे सगळे त्याच्या पुढे. माथ्यावरचा होळीचा माळ आणि बाजारपेठेची वाट बऱ्यापैकी सपाट आहे. म्हणजे अवघड चढ यंत्राने संपवला आणि सोप्या भागाच्या तोंडाशी व्हीलचेअर थांबली. घारापुरीला आधीची कडी तुटते, इथे नंतरची.

वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये सुरू झालेल्या फ्युनिक्युलर ट्रॉलीने सुमारे ५०० पायऱ्यांना पर्याय दिला. केंद्राच्या ‘पर्वतमाला’ योजनेतून राज्यात आणखी बरेच रोपवे प्रस्तावित आहेत. प्रवासी वरच्या स्थानकावर सोडला की प्रकल्प संपला, असे धरून त्यांची निविदा निघाली तर रायगडचीच गोष्ट पुन्हा घडेल. स्थानकापासून पहिल्या दरवाजापर्यंतची वाट त्याच आराखड्यात धरली तर तिचा खर्च एकूण प्रकल्पाच्या तुलनेत किरकोळ असतो. नंतर तीच वाट वेगळी काढायची तर वेगळी परवानगी, वेगळा निधी आणि दहा वर्षे.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. ‘सार्वजनिक इमारती’च्या त्याच्या व्याख्येत सांस्कृतिक आणि मनोरंजनाच्या जागाही येतात. कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम पाळले नसतील तर नव्या इमारतीला बांधकाम परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम लागू झाल्यापासून ५ वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. उल्लंघनाला पहिल्यांदा १० हजार रुपयांपर्यंत आणि पुढे ५० हजार ते ५ लाख रुपये दंड आहे.

मग अडले कुठे? याच कलमात प्राधान्याने करायच्या ठिकाणांची उदाहरणे आहेत : प्राथमिक आरोग्य केंद्रे, रुग्णालये, शाळा, रेल्वे स्थानके, बसथांबे. ती आधी असायलाच हवीत. पण त्यामुळे फिरायला जाणे ही चैन, ती नंतर पाहू, असा अर्थ यंत्रणेने काढला.

दुसरी मेख नियमांतच होती. कायदा सक्तीची भाषा बोलत होता, तर त्याखालच्या नियम १५ ने ज्या मानकांकडे बोट दाखवले ती ‘मार्गदर्शक तत्त्वे’ होती. स्मारके आणि संग्रहालयांसाठीचीही तशीच. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले. नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवून न्यायालयाने केंद्राला, ज्यांत तडजोड नाही असे किमान सक्तीचे नियम वेगळे काढून तीन महिन्यांत तयार करण्यास सांगितले. हैदराबादच्या ‘नालसार’ विधि विद्यापीठाचा देशभरातील सुगम्यतेवरचा अहवालही न्यायालयासमोर होता.

‘तडजोड नाही’ हा शब्द पर्यटनस्थळांना महत्त्वाचा आहे. कैलास मंदिराच्या जोत्यावर खुर्ची नेता येत नाही हे समजून घेता येईल. पार्किंग, तिकीटखिडकी, वाट, पाणी आणि स्वच्छतागृह यांना ती सबब लागू होत नाही. ती बांधकामे राष्ट्रकूटांची नाहीत.

वारशाला धक्का न लावता हे जमते का?

संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत निर्बंध आहेत. मूळ दगडाला खिळा ठोकायचा नाही, हे तत्त्व योग्यच. म्हणून जगभर एकच वाट निघाली आहे, जे बसवायचे ते नंतर काढता आले पाहिजे.

भारताला हे २००१ मध्येच कळले होते. स्टीफन हॉकिंग तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील परिषदेसाठी आले आणि नंतर दिल्लीला गेले. कुतुबमिनार, जंतरमंतर पाहण्याची त्यांची इच्छा होती. दिव्यांग हक्क कार्यकर्ते जावेद आबिदी यांच्या पाठपुराव्यानंतर पुरातत्त्व खात्याने दिल्लीतल्या स्मारकांवर तात्पुरते लाकडी रॅम्प बसवले. जे वर्षानुवर्षे अशक्य म्हटले जात होते ते एका पाहुण्यासाठी काही दिवसांत झाले.

अथेन्समधील अ‍ॅक्रोपोलिसच्या खडकावर ३ डिसेंबर २०२० रोजी, जागतिक दिव्यांग दिनी, नवी लिफ्ट सुरू झाली. तिथे वर केलेल्या काँक्रीटच्या वाटांवर मात्र काही पुरातत्त्वज्ञांनी जोरदार टीका केली. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हीलचेअरसाठी लाकडी मार्ग खुला झाला आणि समुद्र पहिल्यांदाच जवळून पाहायला लोकांनी गर्दी केली. पुढच्याच महिन्यात ‘मंदौस’ चक्रीवादळात त्याचा काही भाग मोडला. म्हणून मार्ग घालण्याइतकीच त्याची देखभाल महत्त्वाची आहे.

जे वर चढू शकत नाहीत त्यांच्यासाठी प्रतिकृती हाही एक पर्याय असतो. अजिंठ्याच्या पायथ्याशी १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती असलेले अभ्यागत केंद्र त्यासाठी आदर्श होते. वीज-पाण्याच्या थकीत बिलांनी ते बंद पाडले.

मोबिलिटी स्कूटर नेता येते का?

मोबिलिटी स्कूटर म्हणजे हँडल, आसन आणि तीन किंवा चार चाके असलेले, चालण्याच्या वेगाने जाणारे बॅटरीवरचे वाहन. थोडे चालता येते, पण लांब नाही, अशांसाठी ती उपयोगी. सपाट लांब वाटांवर, म्हणजे वेरूळसारख्या ठिकाणी, ती व्हीलचेअरपेक्षा सोयीची ठरते. मात्र तिला वळायला जास्त जागा लागते आणि अनेक मॉडेलचे वजन ५० किलोंच्या पुढे असते. दोन पायऱ्या आल्या तर साधी खुर्ची दोघे उचलतात, ही उचलत नाहीत. फाटकावरचा रखवालदार तिला दुचाकी समजून अडवतो, ही आणखी एक कटकट. आयआयटी मद्रासमध्ये विकसित झालेले ‘निओबोल्ट’ हे खुर्चीला पुढून जोडायचे मोटरचे चाक इथे मधला मार्ग ठरू शकते : वाटेवर मोटर, पायऱ्यांपाशी ती काढून ठेवायची.

विमानाने जाणाऱ्यांनी बॅटरीची क्षमता आधी तपासावी. काढता येणारी लिथियम बॅटरी एक असेल तर ३०० वॉट-तास, दोन असतील तर प्रत्येकी १६० वॉट-तास ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. विमान कंपनीला तिकीट काढतानाच कळवणे चांगले.

निघण्यापूर्वी काय विचारावे?

सर्वांत स्वस्त सुधारणा माहितीची आहे आणि तीच सर्वांत दुर्मीळ. ‘व्हीलचेअर उपलब्ध’ एवढ्या ओळीवरून काहीच ठरवता येत नाही. पायऱ्या किती, सर्वांत अरुंद दार किती सेंटीमीटरचे, पार्किंगपासून अंतर किती, हे तीन आकडे आणि वाटेचे दोन फोटो संकेतस्थळावर असतील तर घरी बसून निर्णय घेता येतो.

तोवर फोन करूनच विचारावे लागेल. तेव्हा ‘सोय आहे का’ असे विचारू नये; उत्तर ‘हो’च येते. स्वच्छतागृहाच्या दाराची रुंदी किती आणि किल्ली कोणाकडे, खुर्चीचे ब्रेक आणि पाय ठेवायच्या पट्ट्या शाबूत आहेत का, गाडी किती जवळ सोडतात, असे विचारावे. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा, घारापुरी सोमवारी बंद असतात. घारापुरीला जायचे तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून, भरतीच्या आसपासची लाँच धरावी. तेव्हा धक्का आणि बोट यांच्यातला फरक कमी असतो.